गळलेले नऊ

घरात आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळे ‘उलटतपासणी’ म्हणतात. भाजी खारट झाली म्हटलं, की त्या विचारणार, “किती जणांनी चाखली?” नर्सिंगच्या मुलींना संशोधन आणि आकडेशास्त्र शिकवून जीभ अशी झाली, दुसरं काय.

परवा एक विद्यार्थिनी आकडे तपासल्याच्या सहीसाठी अहवाल घेऊन आली. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला जखमा होतात, त्यावर उपाय म्हणून नवी, मऊ जेल भरलेली गादी. एकतीसपैकी अठ्ठावीस जणांची पाठ शाबूत, म्हणजे नव्वद टक्के. या अहवालावरून रुग्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळवणं बंद होणार होतं.

“सुरुवातीला किती होते?”

“चाळीस, मॅडम.”

“मग नऊ जण कुठे गेले?”

“दुसऱ्या वॉर्डात हलवले. तिथे जेलची गादी नाही, म्हणून अभ्यासाच्या प्रमुख सरांनी गाळायला सांगितले.”

जाऊबाई तडक वॉर्डांत गेल्या. नऊच्या नऊ केसपेपर काढले. सगळ्यांना पाठीला जखम झाली म्हणूनच हलवलं होतं. तुलनेसाठी जुन्या गादीवर ठेवलेल्या दुसऱ्या चाळिसांतलेही काही हलवले होते. पण जुनी गादी सगळीकडे असल्यामुळे ते मोजणीत राहिले होते. त्यांच्यात अकरा जखमा. नव्या गादीवर तीन आणि नऊ, बारा. जाऊबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सर चहा पीत होते. “बाई, पी-व्हॅल्यू बघा की. निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडायचा नाही.”

“योगायोग कसला? फरक तुम्ही पाडलाय. पंगतीतून उपाशी असतील त्यांना उठवून लावायचं आणि उरलेल्यांना विचारायचं, पोट भरलं का. याला संशोधन म्हणता?”

“सोमवारी अहवाल वर पाठवायचाय. नुसती सही तर हवीय.”

“त्या नऊ जणांच्या पाठी बघून या, मग मागा सही.”

सर उठले नाहीत. जाऊबाईंनी सही केली नाही. वर्गात येऊन त्यांनी फळ्यावर नऊ खाटांचे नंबर लिहिले. विद्यार्थिनीला रडू फुटलं.

“रडून आकडे बदलत नाहीत. चाळीस धरून पुन्हा मांड. देवाने मोजलेलं माणूस गाळणारे आपण कोण?”

सहीवाचून अहवाल अडला, वळवणं चालू राहिलं. सर आता जाऊबाईंशी बोलत नाहीत. त्याच दिवशी दुपारी दोनला जाऊबाई स्वतः वॉर्डात गेल्या, खाट नंबर चौदाच्या आजोबांना वळवायला. आजोबा कुरकुरले, “आत्ताच डोळा लागला होता.”

“लागू दे,” जाऊबाई म्हणाल्या, “या कुशीवर.”