कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

माही बायको गेली तेव्हा घाईगर्दीत भिंतीवर लावायले धड फोटो सापडला नाही. पोरानं तिच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला, फ्रेम केली, त्याले नकली चंदनाचा हार घातला. त्या फोटोत ती अशी पाहते, जशी काही पोलिसांनी धरून आणली. मी सकाळी उठून पाहायचो अन् मनात म्हणायचो, या बाईसोबत मी संसार केला नाही.

चांगला फोटो होता. घरच्या कॉम्प्युटरात. आम्ही बंजारा. धुळवडीले आमच्या तांड्यात बाया काठ्या घेऊन माणसाच्या मागं लागतात. त्या दिवशी माणसानं उलटून हात उचलायचा नाही, फक्त पळायचं. एका धुळवडीले पोरानं मोबाईलवर तिचा फोटो काढला होता. काठी उगारलेली, पदर खोचलेला, अन् असं हसणं की पडलेल्या दाताची खिडकी बी दिसते. तो मोबाईल पुढं विहिरीत पडला. पण त्याच्याआधी पोरानं सगळे फोटो कॉम्प्युटरात टाकून ठेवले होते, म्हणून मी बेफिकीर होतो.

वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं तेव्हा मी म्हटलं, हे पोलिसवालं तोंड काढा अन् तो हसरा फोटो लावा. सुनेनं कॉम्प्युटर सुरू करायले घेतला, तर तो सुरूच होईना.

म्हणजे सुरू होई, पण टिकत नव्हता. बटन दाबलं की लाईट लागे, आत घरघर होई, पडद्यावर कंपनीचं नाव येई, खाली गोल गोल फिरे, अन् पट्कन सगळं काळं. पुन्हा दाबलं तर आधीपेक्षाही लवकर बंद.

पोरगा दिग्रसले कापसाच्या जिनिंगात कामाले जाते. त्यानं तिथल्या एका दुकानदाराले फोनवर विचारलं. तो म्हणे, "आणून टाका डब्बा, फॉरमॅट मारून देतो. पण आतलं सगळं पुसल्या जाईल, आधीच सांगतो."

"मंग डब्बा घराबाहेर जाणार नाही," मी म्हटलं.

"बापू, घरी ठेवून तरी काय करता? त्याची पूजा करता काय?" पोरगा म्हणाला अन् गाडीले किक मारून कामाले गेला.

घरी मी अन् सून. मी चौथीपर्यंत शिकलो, तिनं बारावी केली अन् वरून कॉम्प्युटरचा कोर्स. पण घरात मोठा मी, म्हणून पहिला इलाज माहा. मी डब्ब्याले बाजूनं दोन थापडा मारल्या.

"बापू, टीव्ही नाही हा!"

"आपला जुना टीव्ही थापडीनंच चालत होता."

"म्हणूनच मेला थो."

मंग मी म्हटलं, उंदरानं वायर खाल्ली असन. तिनं वायरी पाह्यल्या, चांगल्या होत्या. म्हटलं, विजेचा दोष असन. तिनं त्याच बोर्डावर पंखा लावून दाखवला, झक्कास फिरला. माह्याजवळचे इलाज सरले. मी खाजवत बसलो. त्या खोलीत औंदाचा कापूस भरला होता अन् घरातल्या कापसानं अंगाले कशी खाज सुटते ते आमच्याकडं कोणाले सांगावं लागत नाही. त्या खाजेपायीच आम्ही कोणी कामाशिवाय तिकडं फिरकत नव्हतो.

सून डब्ब्यावर हात ठेवून बसून राह्यली.

"काहून बसली वं?"

"हात लावून पाहा."

लावला. भाकरीच्या तव्यासारखा गरम.

"तापते हा," ती म्हणे. "सकाळी गार होता तवा जास्त वेळ चालला. मंग तापत गेला तसा लवकर बंद पडून राह्यला. जळू नये म्हणून आपला आपणच बंद होते."

"मंग दे त्याले तापाची गोळी."

ती हसली नाही. पेचकस घेऊन आली. आधी वायर काढली, मंग बाजूचा पत्रा खोलला. आत एक लहानसा पंखा अन् त्याच्याखाली ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या. पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यावर रुईचा असा थर बसला होता, जशी कोणी उशी भरली. पंख्याच्या पात्यातही रुई.

तिनं माह्याकडं पाह्यलं. "बापू, या डब्ब्याच्या बाजूनं कापूस कोणं दाबून बसवला?"

"मीच. धक्का लागू नये म्हणून. चारी बाजूनं चांगला दाबून बसवला होता."

"अन् वरून गोदडी?"

"तेही मीच टाकली. धूळ बसू नये म्हणून."

"अन् मी परवा तुमच्या पोराच्या कामासाठी तसाच सुरू केला, गोदडी नुसती पडद्यावरून सरकवून. याले काय थंडी वाजत होती?"

बायको होती तोवर या खोलीत कापसाचं बोंडही आलं नाही. दरवर्षी मी म्हणायचो, ही खोली कोरडी आहे, इथं भरू. दरवर्षी ती दारात आडवी उभी राह्यची. म्हणायची, माह्या पोराची मशीन आहे इथं, तुमचा कापूस तुमच्या डोक्यावर ठेवा. ती रोज त्या डब्ब्यावरून फडकं फिरवायची. चालवता काही येत नव्हता तिले. औंदा वेचणी झाली, गाठोडी घरी आली, अन् मी ती सरळ या खोलीत नेऊन टाकली. दारात कोणी नव्हतं. त्या दिवशी मले त्याचं काही वाटलं नाही. आता पत्रा खोलल्यावर वाटलं.

सुनेनं चिमट्यानं रुई ओढली, जुन्या कोरड्या ब्रशानं पट्ट्या साफ केल्या. सायकलचा पंप माह्या हाती दिला. तिनं काडी घालून पंखा अडवून धरला, म्हणे तो गरगर फिरू द्यायचा नाही, अन् मी हवा मारली. रुई उडून तिच्या केसात बसली.

"आताच सासू झाली तू," मी म्हटलं.

"तुमच्या मिशा पाहा आधी."

पत्रा बसवला. मी बटनाकडं हात नेला तर तिनं हात धरला. "आधी कापूस काढा इथून. नाही त हीच गत."

दुपारभर आम्ही गाठोडी ओढून माह्या झोपायच्या खोलीत नेली. आता बाज ओसरीत आहे. चांगली झोप लागते तिथं, खोटं कायले सांगू.

मंग तिनं बटन दाबलं. लाईट. घरघर, पण हलकी. कंपनीचं नाव. गोल गोल. मी देवाचं नाव घेतलं नाही. बायको गेल्यापासून माहं त्याच्याशी बोलणं बंद आहे. फोटो गेला त ती दुसऱ्यांदा गेली, एवढंच डोक्यात होतं. गोल फिरणं थांबलं अन् पडद्यावर हिरवं डोंगराचं चित्र आलं. थांबलं तिथंच. काळं झालं नाही. सुनेनं पुन्हा डब्ब्यावर हात ठेवला अन् मान हलवली.

बैलांचे फोटो निघाले, पोराच्या मित्रांचे निघाले, मंग धुळवड निघाली.

मले वाटे, फोटोत ती एकटीच आहे. माह्या ध्यानात तसाच होता. पण खाली कोपऱ्यात मी होतो. डोक्यावर हात धरून वाकलेलो, धोतर सुटायच्या बेतात. ती माह्याच पाठीत हाणून राह्यली होती.

"अगं बाई, बापू!" सून पदर तोंडाशी धरून हसत सुटली. मीही हसलो. डोळ्यातलं पाणी पुसलं, त्यात दोन्ही होतं.

पोरगा घरी आला. फोटो पाहून खूश झाला, मंग म्हणे, "पण बापू, यात तुम्ही बी आहा. जित्त्या माणसाच्या फोटोले हार चालत नाही. तुम्हाले कापून टाकतो." त्यानं लगेच कापून दाखवलाही. नुसती ती, काठी हवेत.

"आता येडी दिसते," मी म्हटलं. "कोणाले मारून राह्यली ते तरी कळू दे लोकाले. मले राहू दे त्यात."

"अन् हार?"

"हार नको."

तसाच लावला. वर्षश्राद्धाले पुसदकडून साळी आली. झेंडूचा हार घेऊन फोटोजवळ गेली अन् हात वरच राह्यले.

"दाजी, हे काय? हार कसा घालू?"

"थांब थोडी. दोघाले एकदमच घालजो."

"शुभ बोला काही!" ती ओरडली अन् पुन्हा फोटोकडं पाह्यलं तर तिलेच हसू फुटलं. हार तिनं फोटोखाली ताटात ठेवला. तांड्यातल्या बाया जमल्या, फोटोसमोर रडायच्या ऐवजी कोणं कोणाले कसं बदडलं याच्याच गोष्टी सुरू झाल्या. एक म्हातारी म्हणे, "त्या दिवशी अजून दोन हाणायले पायजे होत्या याले."

पंगत बसली. ती गेल्यापासून पहिल्यांदाच मी भात मागून घेतला.