लखलखीत नाणी

मीटरवाले काका पाण्याचे मीटर वाचायचं काम करत. घरोघरी जायचं, झाकण उचलायचं, आकडा लिहायचा आणि निघता निघता विचारायचं, "जुनी नाणी पडलीयेत का हो घरात?" लोकही खणांतून, डब्यांतून शोधून काढून देत. असं एकेक करून त्यांनी संग्रह जमवला होता. नाण्यांच्या मंडळात त्यांना मान होता, आणि तो सगळा एकाच वाक्यावर उभा होता: नाणं कधीही घासायचं नाही. वर्षानुवर्षं चढलेला काळपट थर हेच नाण्याचं वय. तो गेला की नाणं संपलं.

दर प्रदर्शनात ते हे आल्यागेल्याला ऐकवत. सांगितलं नव्हतं ते फक्त स्वतःच्या बायकोला. घरी एवढंच म्हणत, "हात लावू नकोस." का, ते सांगायची त्यांना कधी गरज वाटली नाही. जगाला समजावून सांगायचं आणि घरी नुसतं खेकसायचं, ही आपल्या शहाण्या माणसांची जुनी खोड.

काकूंनीही नाण्यांशी उभा दावा मांडला होता. "माझ्यापेक्षा त्या गंजक्या चकत्यांवर जीव," असं त्या पाहुण्यांसमोर म्हणत आणि चहाचा कप जरा जोरातच आपटत. यंदा मात्र त्या आपणहून म्हणाल्या, "मीही येते प्रदर्शनाला." काकांना हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी होता.

हॉलमध्ये त्यांचं टेबल रांगेत शेवटचं होतं. मागे भिंत, डावीकडे खांब आणि उजवीकडे काकूंची खुर्ची. काकांनी ट्रेवरचं कापड उचललं. सगळी तांब्याची नाणी नुकत्याच विकत आणलेल्या वाट्यांसारखी चकाकत होती. राजांचे चेहरे गुळगुळीत झाले होते, अक्षरं पुसट.

"कशी दिसतायत?" काकूंचा चेहरा फुलला होता. "काल तुम्ही कामावर गेलात आणि मी बसले. लिंबू, मीठ आणि जुना टूथब्रश. इतकी वर्षं नुसता राग राग केला, म्हटलं एकदा तरी तुमच्या कामाला हात लावावा."

त्यांच्या बोटांची टोकं लिंबानं पांढरी पडून चिरली होती. काकांना ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, उठून चालू लागावंसं वाटलं. पण बाहेर पडायचं तर काकूंना उठवायला हवं होतं, आणि उठवायचं तर कारण सांगायला हवं होतं. ते कापड पुन्हा ट्रेवर ओढायला गेले. काकूंनी ते हळूच काढून घडी करून पिशवीत ठेवलं.

"झाकताय काय? लोकांना बघू दे की."

लोक बघू लागलेच. जुने संग्राहक हसत हसत येत, ट्रेकडे पाहत आणि "वा, वहिनीपण आल्या!" म्हणून पुढे सटकत. प्रत्येकाला काकू आग्रहानं म्हणत, "अहो, नीट बघा ना!" काका खाली मान घालून बसून राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना प्रदर्शन कधी संपतंय असं झालं होतं.

तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी नवख्या मंडळींचा घोळका घेऊन आले. "हे आमचे मीटरवाले काका. काका, ते घासण्याबद्दलचं सांगा ना तुमचं!" असं म्हणता म्हणता त्यांची नजर ट्रेवर पडली. "हे काय? घासली? कोणी?"

"मी," काका म्हणाले. आयुष्यभराची अब्रू त्या एका शब्दात गेली, पण बायको वाचली, असं त्यांना वाटलं.

"अहो, काहीतरीच काय!" काकू ताडकन उठल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "अख्खा दिवस मी घासत बसले आणि सगळ्यांसमोर नाव स्वतःचं सांगता? एवढंही श्रेय देववत नाही मला?"

सेक्रेटरींनी काकांकडे पाहिलं, मग काकूंच्या बोटांकडे. माणूस समजूतदार होता, आणि तिथंच घात झाला.

"वहिनी, कमाल केलीत," ते म्हणाले. "इतकी चकाकणारी नाणी या हॉलमध्ये कुणाचीच नाहीत."

त्यात खोटं काहीच नव्हतं. काकूंनी डोळे पुसले आणि हसल्या. काकांना मात्र कळून चुकलं, की आता खरं सांगायचं तर एकट्या बायकोला नव्हे, या भल्या माणसालाही तोंडघशी पाडावं लागणार. त्यांनी नवख्यांना नाण्यांवरच्या राजांची नावं सांगितली. घासण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

घरी परतताना काकू भरभरून बोलत होत्या. "कपाटातली चांदीची राहिलीयेत बघा. उद्या तीही घेते. पण ब्रश पार झिजलाय."

चांदीची म्हणजे संग्रहातली सगळ्यात जुनी. काकांच्या जिभेवर 'नको' आलं. काकूंनी त्यांच्या दंडाला धरलं होतं, आणि रस्त्यात असं धरून त्या कितीतरी वर्षांत चालल्या नव्हत्या.

कोपऱ्यावरच्या दुकानापाशी काका थांबले.

"एक टूथब्रश द्या," ते दुकानदाराला म्हणाले. दुकानदारानं पुढे केलेला ब्रश त्यांनी अंगठ्यावर घासून पाहिला आणि परत दिला. "हा नको, मऊ द्या. अगदी तान्ह्या बाळाचा असतो ना, तसला."