अंगणात वाळवलेला बेकन

फुलसावंगीच्या स्टँडवर पुसदची एसटी लागली तेव्हा मायनं माझी पिशवी खिडकीतून आत टाकून जागा धरली आणि खालूनच, साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोचली का फोन करजो." मग खिडकीपाशी आली आणि आवाज उतरवला. "आन् तिकडं कोनी इचारलं का घरी काय खाता, तं वरन-भात सांगजो."

पिशवीत माझी पदवी होती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुण्यात नोकरी लागली होती. आणि निघताना मिळालेला सल्ला हा.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, मी पुण्यात वरण-भात सांगितलं नाही. पहिल्याच घरमालकिणीनं विचारलं, "तुमच्यात काय काय चालतं?" मी म्हणाले, "सगळं. डुकराचं मटणसुद्धा." ती खोली मिळाली नाही. दुसरी मिळाली, जरा लांब, पण माझ्या खाण्याबद्दल मला खोटं बोलावं लागलं नाही. आपल्यातले कितीतरी जण तिकडं 'आम्ही तसे शाकाहारीच' म्हणून किल्ली घेतात. घ्या. मला ते जमत नाही.

बेकन मला भेटला तो सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये. मीठ मुरवलेले, धूर दिलेले डुकराच्या मांसाचे पातळ काप. आता मी पाकीट उलटसुलट करून बघते. चरबीचे आणि मांसाचे पट्टे सारखे असले तर घेते, नुसतंच पांढरं दिसलं तर ठेवून देते. घरी आणला की दोन-दोन कापांमध्ये बटर पेपर घालून छोट्या पुड्या करते आणि वर बर्फाच्या कप्प्यात टाकते, म्हणजे लागेल तेवढाच सुटतो. भाजायचा तर तवा थंड असतानाच काप पसरायचे, तेल नाही, आच बारीक. चरबी आपोआप सुटते, कडा वळतात, आणि सगळा जिना वासानं भरतो. सुटलेली चरबी मी गाळून वाटीत ठेवते. त्यात पिठलं करून बघा, मग बोला.

ऑफिसमध्ये एकजण रविवारी हॉटेलात खाल्लेल्या बेकनचे फोटो दाखवतो. त्याला एकदा आमच्या चान्या सांगितल्या, तर त्यानं ताट सरकवलं. त्यातलं उरलेलं मी संपवलं.

चान्या म्हणजे मांसाच्या लांब चिरफळ्या. आमच्या घरी डुकराचं मटण आलं आणि उरलं, की माय त्यांना मीठ-हळद चोळायची आणि सुतळीवर टांगायची. आतल्या खोलीत, चुलीच्या बरोबर वर, दार लोटून. अंगणात मिरच्या वाळायच्या, कुरड्या वाळायच्या, चान्या मात्र आत. आमच्या वस्तीतसुद्धा सगळी घरं डुक्कर खात नव्हती. गावाचं तर विचारूच नका. धुरात आठवडाभर राहिलेली चानी निखाऱ्यावर भाजून भाकरीवर ठेवली, की मी आणि बाबा एकमेकांच्या ताटाकडे बघत जेवायचो.

या जानेवारीत सुट्टी काढून गावी गेले तेव्हा थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून बेकन नेला. माय आता जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवते. घर पक्कं झालंय, चूल गेली, गॅस आला, फ्रीज मी घेऊन दिला. पहिल्या रात्री मी बेकन भाजला. मायनं एक तुकडा तोंडात टाकला, डोळे बारीक केले.

"हे डुक्कर समिंदरात पोसलं काय वो? किती मीठ."

"भाकरीसंग खाय."

तिनं भाकरीसंग खाल्ला. मग आणखी घेतला. बाबांनी ठेचा पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी विजेची डीपी जळाली. हरभऱ्याला पाणी द्यायला साऱ्या शिवारात मोटरी चालू, दरवर्षी जळतेच. फ्रीज बंद पडला. मी बाजारातून बर्फ आणायला गेले, मिळाला नाही. परत आले तर मायनं उरलेला सगळा बेकन मीठ-हळद चोळून अंगणातल्या तारेवर टांगला होता. आधीच खारवलेला, धुरावलेला माल, त्याला पुन्हा वर मीठ. पुण्याच्या पाकिटाचं हे असं आमच्याच घरी होऊ शकतं. मला हसू आलं.

"माय, बाहेर?"

"आत कोठं हाय धूर आता? इथं ऊन तरी हाय."

तेवढ्यात वच्छलाबाई आल्या. शाळेच्या समितीच्या अध्यक्षाची आई. तूर कापायला मजूर बाया सांगायला आल्या होत्या. तारेकडे बघत राहिल्या.

"काय वाळू घातलं वो कौसल्याबाई?"

"मटन."

"कायचं?"

मी तोंड उघडणार होते. मायनं पदर खोचला आणि म्हणाली, "डुकराचं."

"आन् ह्याच हातानं आमच्या नातवाले खिचडी वाढता?"

"हात धुतो मी."

"काकू," मी म्हणाले, "तुमच्या घरी बकरं कापलं तं तुमचे हात कोनी इचारते काय?"

"तू शिकली, तुले बोलता येते," त्या म्हणाल्या आणि बाया न सांगताच गेल्या.

संध्याकाळी शाळेतून निरोप आला, उद्या समिती बसणार. बाबा म्हणाले, "काहून टांगलं बाहेर?" मी म्हणाले, "माय, जाऊ दे ते काम, मी पुण्याहून धाडत जाईन." माय माझ्याकडे वळली.

"मी लहान होतो तवा शाळेत गेली नाही. आता रोज जातो. पोरं ताई म्हनतात. तू काय धाडशील त्याच्या बदल्यात?"

सभेला मी तिच्यासोबत गेले. मुख्याध्यापक भले माणूस, त्यांना भांडण नको होतं. म्हणाले, "कौसल्याताई, एवढंच सांगा की यापुढं घरी असलं काही करणार नाही. विषय इथंच संपवू." अध्यक्ष मोबाइलमध्ये बघत होते. सगळ्यांना वाटलं, ती मान हलवेल. मलाही क्षणभर वाटलं.

"सर," माय म्हणाली, "शाळेतल्या वरनात मीठ कमी पडलं, भात गिचका झाला, तं मले बोला. खडा सापडला तं काढून टाका. घरी मी काय खातो, हे कायले लिहून देऊ?"

"लिहून नको, नुसतं म्हना," अध्यक्ष म्हणाले.

"म्हनत नाही."

मग मी बोलले. समितीच्या रजिस्टरात तिला काढण्याचं कारण काय लिहिणार, एवढंच विचारलं, आणि ते कारण तालुक्याला पाठवायचं पत्र मीच लिहिते म्हणाले. अध्यक्षांनी मोबाइल खिशात घातला. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

तो अजून ढकललेलाच आहे. मायला काढलेलं नाही. पण काही घरांनी आपली पोरं डबा देऊन पाठवायला सुरुवात केली आहे. वच्छलाबाईंचा नातूही त्यात. पुण्याला परत येण्याआधी एक दिवस मी शाळेत जाऊन बसले. माय तांदूळ निवडत होती.

"एवढा कायले घेते? सगळे थोडेच खाऊन राह्यले."

"पटावर हायेत ना सगळे? सगळ्याईचा टाकतो."

"उरन."

"उरू दे. एखांद्याले वास आला आन् तो ताट घेऊन उठला, तं त्याले काय सांगू, तुया वाटचं शिजवलंच नाही?"

पुण्यात लोक विचारतात, घर कुठलं तुमचं. मी गावाचं नाव सांगते, तालुका सांगते, जिल्हा यवतमाळ सांगते. ज्या गावात माझ्या मायच्या हातचं खायला काही घरांची ना आहे, ते गाव मी माझंच म्हणते. ते मी कोणाला सोडून देणार नाही. माझी माय तिथं रोज सगळ्या गावाच्या पोरांचा भात टाकते.