मोतीबाई आणि धापा टाकणारी गाडी

चामटोलीच्या मोतीबाईचं म्हणणं असं, की माणसं वाईट नसतात, त्यांचे डोळे वाईट असतात. म्हणून दारात काहीही आलं, की तिची लिंबूमिरची तयार. शेतातल्या पंपाला बांधली, शिलाई मशीनला बांधली. एकदा तर मिक्सरला बांधली. त्यातली मिरची चटणीत पडली आणि जावई ताटावरून उठून थेट हंड्याकडे धावला.

मग हरेशने, तिच्या लेकाने, जुनी गाडी घेतली. चालवायला शिकली मात्र सून विनिता. अंबरनाथच्या एका कारखान्यात दुपारचे डबे पोचवायचं काम तिला मिळू घातलं होतं. सोमवारी पहिली खेप होती. ती वेळेवर गेली तरच पुढचं काम पक्कं. रिक्षात एवढे डबे मावणार कसे? सगळी भिस्त गाडीवर.

आणि गाडीने नेमकी तेव्हाच कुरकुर सुरू केली. चालताना ठीक, पण उभी राहिली की म्हातारीला हीव भरावं तशी थडथडायची आणि बंद पडायची. हरेशने रेस वाढवून आणली. मग ती उभ्या जागी बैलासारखी डुरकायला लागली, पण थरथर काही जाईना. शेवटी त्याने सांगून टाकलं, की रविवारपर्यंत सुधारली तर ठीक, नाहीतर भंगारात.

विनिता जेवेनाशी झाली. मोतीबाईला वाटलं, सून गाडी चालवते हे अख्खा गाव बघतो, नजर लागायचीच. तिने लिंबूमिरची वाढवली.

रविवारी उल्हासनगरहून बुद्धभूषण मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडलं, गाडी चालू ठेवून कान लावला. आतून बारीक फुसफुस येत होती. एका रबरी नळीवर त्याने बोट दाबलं, तशी गाडी शांत झाली. बोट उचललं, की पुन्हा थडथड. नळीला तारेचे वेढेच वेढे होते आणि त्याखाली चीर गेली होती. तिथून इंजिन फुकटची हवा ओढत होतं.

"ही तार कोणी बांधली?" त्याने विचारलं.

हरेश म्हणाला, आधीच्या मालकाचे धंदे असणार. सुटका आयती समोर होती. पण आपण गप्प बसलो तर उद्या आपलाच हात पुन्हा तिथे जाणार, हे मोतीबाईला ठाऊक होतं.

"मीच बांधली," ती म्हणाली. "पुढं टांगलेली लिंबूमिरची विनिताला आवडंना, म्हणून आत तारेनं बांधत गेले. दर शनवारी. लिंबू गळून पडायचं, तार राहायची."

हरेशने कपाळावर हात मारला. बुद्धभूषण हसू दाबत म्हणाला, "मावशी, नजर लागली नाही हो. तुमची माया जरा जास्त घट्ट बसली."

विनिताने सासूजवळ येऊन तिचा हात धरला, आणि उद्या सोबत येता का, एवढंच विचारलं.

नळी बदलली, रेस उतरवली. सोमवारी मोतीबाई पुढच्या सीटवर बसली, मांडीवर आमटीचा मोठा डबा. शिवमंदिराच्या वळणावर गाड्या खोळंबल्या. विनिताने गिअर काढला आणि श्वास रोखला. गाडी दूध पिऊन निजलेल्या पोरासारखी शांत उभी राहिली.

"चालू हाय ना गो?" मोतीबाईने हळूच विचारलं.

"चालू आहे, आई. आवाजच येत नाही."

कारखान्याच्या फाटकात त्या पोचल्या, तेव्हा जेवणाचा भोंगा अजून वाजायचा होता. जेवणं आटोपल्यावर, उद्यापासून भाकऱ्या जास्त आणा, असा निरोप आतून आला.