थोरली कोण, ते तुळजाबाईलाच ठाऊक

माणसांची घराणी लक्षात ठेवावीत ती आमच्या हिनंच, तुळजाबाईनं. कसब्यातल्या आमच्या घरात सुना दोन. खालच्या खोल्यांत थोरली वासंती, वरच्या खोल्यांत धाकटी प्रेमला. दोघींच्या माहेरच्या चार-चार पिढ्या हिला पाठ, आणि त्या फक्त भांडणात काढायला. वासंतीच्या हातून आमटीत मीठ जास्त पडलं की लगेच तिचे पणजोबा निघत. "मीठ कमी म्हणून भर पंगतीत पानावरून उठले होते. पणती भरपाई करतेय." प्रेमला उलट बोलली की तिची आजी निघे, तिनं म्हणे विहिणीला न्हाणीघरात कोंडून बाहेरून कडी लावली होती. मी लोणी काळभोरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पण एवढा इतिहास मला कुठल्या मास्तरांनी शिकवला नाही.

आता मूळ गोष्ट सांगतो. साठ साली दोघी सुना एकदमच गरोदर राहिल्या. पहिली बाळंतपणं माहेरी झाली होती, दुसरी आमच्याकडे. मी दवाखान्याचं नाव काढलं तर तुळजाबाई म्हणाली, "तिथं बाळं बदलतात. माझ्या घरात काही चुकायचं नाही."

झालं. एका सोमवारी सकाळी, पोरं कामावर गेल्यावर, दोघींना बरोबरच कळा सुरू झाल्या. सुईण एक, बाळंतिणी दोन, आणि मध्ये जिना. मला हिनं बाहेर ओट्यावर बसवलं, हातात घड्याळ आणि पेन्सिल दिली. "मी आवाज देईन तेव्हा वेळ लिहा. दुसरं काही करू नका."

मी दुसरं काही केलं नाही. कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं : कन्या, नऊ चाळीस. कन्या, अकरा पंचावन्न. एका दिवसात दोन नाती! बर्फी आणायला निघालो तो तांबट आळीत भेटेल त्याला थांबवून सांगत सुटलो. परत येऊन कागद पाहिला तेव्हा कळलं, कुठली कन्या कुणाची हे लिहायचंच राहिलं होतं. सुईण निघून गेली होती. तुळजाबाईला विचारलं.

"मला माहीत आहे ना? मग पुरे," ती म्हणाली.

वासंतीच्या मुलीचं नाव हेमा ठेवलं, प्रेमलाच्या मुलीचं सुनीती. आणि पहिल्या वाढदिवसापासून युद्ध सुरू झालं. थोरलीला आधी ओवाळायचं, हे खरं. पण थोरली कोण?

"हेमा थोरली," वासंती म्हणायची. "मी मोकळी झाले तेव्हा वर प्रेमला किंचाळत होती."

"मी किंचाळत नव्हते, जाऊबाई. तुमचं किंचाळणं ऐकून हसत होते. सुनीती माझ्या मांडीवर होती तेव्हा."

"मांडीवर उशी असेल. तुम्हाला काय, उशीही थोरली म्हणून मिरवाल."

आमचे दोन्ही चिरंजीव अशा वेळी पेपर उघडून त्यात शिरत. तुळजाबाई दोन पाट चिकटून मांडायची, पोरींना शेजारीशेजारी बसवायची आणि एकच निरांजन दोघींभोवती मोठं वर्तुळ काढून फिरवायची. थोरली कोण, हे तिनं कधी सांगितलं नाही. पोरींनी विचारलं तर म्हणायची, "जी पुन्हा विचारेल तिला शिरा शेवटी." असे एकोणीस वाढदिवस झाले. प्रत्येक वाढदिवसानंतर दोघी जावा पंधरा दिवस एकमेकींशी बोलत नसत. तेवढीच घरात शांतता.

विसावं लागल्यावर पोरींना स्थळं यायला लागली, तेव्हा पत्रिका हव्यात म्हणून यज्ञेश्वरबुवांना बोलावलं. मी तो कॅलेंडरचा कागद अभिमानानं पुढे ठेवला. बुवांनी दोन कुंडल्या मांडल्या, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "नऊ चाळीसच्या मुलीला मंगळ आहे. सातव्या घरात, चांगला कडक. अकरा पंचावन्नची निर्दोष. थोरली कोणती?"

इतकी वर्षं या एका प्रश्नावर एकमेकींच्या अंगावर जाणाऱ्या सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघी एकदमच बोलल्या.

"सुनीती!" वासंती म्हणाली.

"हेमा!" प्रेमला म्हणाली. "जाऊबाई स्वतःच सांगत आल्यात ना एकोणीस वर्षं!"

"आणि तुम्ही काय सांगत होतात? मांडीवर काय होतं मग, उशी?"

मी मनात हिशेब केला. म्हणजे दोघीही एकदा खरं बोलल्या होत्या आणि एकदा खोटं. फक्त कोण कधी, ते मला कळत नव्हतं. बुवांनी दक्षिणा उचलली आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुळजाबाईला विचारलं, "अगं, आता तरी सांगून टाक. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

ती तांदूळ निवडत होती. "माझ्या बापाच्या घराण्यात सात पुरुषांची नावं सांगतात," ती म्हणाली. "माझ्या आत्याचं नाव कुणी घेत नाही. चिमाआत्या. तिला मंगळ होता. तिसाव्या वर्षापर्यंत घरात भाकऱ्या थापल्या, मग पन्नाशीच्या बिजवराला दिली. का, तर त्यालाही मंगळ. मला भांडायचं असलं की मी सगळ्यांचे पूर्वज काढते. तिचं नाव अजून काढलं नाही. या घरात एकीची चिमाआत्या करायला मला सांगताय?"

मी तिच्याशेजारी बसून तांदळातले खडे वेचू लागलो.

महिन्याभरात सासवडचे दत्तोबा मुलासाठी हेमाला बघायला आले. पोहे झाले, प्रश्न झाले. दत्तोबांनी सहज विचारलं, "मुलीला मंगळ नाही ना?"

"छे, हेमा तर धाकटी," वासंती म्हणाली.

जिन्यावरून प्रेमला खाली आली ती तशीच, ओल्या हातांनी. "धाकटी माझी आहे. पाहुण्यांना तरी खरं सांगा."

"तुम्हाला बोलावलंय का इथं?"

"माझ्या मुलीवर मंगळ ढकलायला तुम्हाला कुणी बोलावलं?"

दत्तोबा पोह्यांचा चमचा धरून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिले. हेमा खाली मान घालून बसलेली, सुनीती दाराआड. शेवटी ते तुळजाबाईकडे वळले. "आजी, घरात वडीलधाऱ्या आपण. आपणच सांगा, मंगळ कुणाला?"

"दोघींना," तुळजाबाई म्हणाली.

"सासूबाई!" वासंती ओरडली. "बुवांनी एकीलाच सांगितलाय!"

"बुवांनी कागद पाहिला. मुली मी पाहिल्या. एक बाहेर आली तेव्हा दुसरी वाटेवर होती. दोघींना आहे. ज्याला चालत असेल त्यानं बसावं."

दत्तोबा "कळवतो" म्हणून उठले. पायताण शोधायलासुद्धा थांबले नाहीत, मी मागून नेऊन दिलं.

दारातून परत आलो तर दोघी सुना तुळजाबाईसमोर खांद्याला खांदा लावून उभ्या. वीस वर्षांत मी त्यांना इतक्या जवळ पाहिलं नव्हतं.

"माझ्या मुलीचं वाटोळं केलंत," वासंती म्हणाली.

"आणि माझ्याही," प्रेमला म्हणाली. "जाऊबाई, यांच्या हातचं खायचं नाही आता. आपण दोघी एकत्र करू, यांना वेगळं काढू."

"आजच काढू."

आणि काढलं. भांड्यांची मांडणी एका टोकाला वासंतीनं धरली, दुसऱ्या टोकाला प्रेमलानं. तुळजाबाई पाहुण्यांचे उरलेले पोहे खात म्हणाली, "डबे पाडू नका. माझे आहेत."

मंगळ विचारणारी घरं आमच्याकडे यायची थांबली. पोरी शिकल्या, हेमा शाळेत लागली, सुनीती बँकेत. पंचविशीच्या पुढे दोघींची लग्नं झाली, पत्रिका न मागणाऱ्या घरांत. लग्नात दोन्ही सुनांनी सासूला एकदाही पुढे बोलावलं नाही. शेवटच्या ओळीत माझ्याशेजारी बसून तिनं जिलबीला नावं ठेवली.

गेल्या महिन्यात तुळजाबाईला पंचाहत्तर पूर्ण झाली. नाती सासरहून ओवाळायला आल्या. आया वर दार लावून बसल्या होत्या.

"आजी, आता तरी सांग," सुनीती म्हणाली. "आमच्यात थोरली कोण?"

"तुझ्या आईला सांगशील?"

"नाही."

"मग तुला तरी कशाला हवंय?"

वरून चहाच्या कपांचा आवाज आला, आणि मग दोघी सुनांचं मोठ्यानं हसणं.

"माझ्यावरच हसतायत मेल्या," तुळजाबाई म्हणाली, आणि तिनं आणखी एक पुरणपोळी पानात घेतली.