ढोल शेकायची तणीस

माझ्या बापाच्या ढोलावर त्यानं बादली ओतली. भरलेली बादली. संडासापाशी ठेवलेली, लोखंडी.

मी सातवीत होती. आश्रमशाळेची पोट्टी. तालुक्याच्या गावी शाळाशाळांची सांस्कृतिक स्पर्धा होती, एका मोठ्या हॉलात. पूस महिना. धुकं असं की ढोलाचं कातडं पार लदलद झालेलं. थाप मारली की भद्द. असा ढोल वाजत नाई. आमच्या गावात शेंबड्या लेकराले बी ठाऊक असते, थंडीत अगोदर ढोल शेका लागते. धानाची तणीस, वाळला पेंढा, घ्याची, मूठभर पेटवाची, तिच्यावर दुरून कातडं फिरवाचं. कातडं ताणते, टणटण बोलते. मग वाजवाचं. आम्ही दोघी पोरींनी हॉलच्या मागं तेच केलं. तणीस घरूनच आणली होती पिशवीत. हॉलच्या मागं आग लावाची नसते हे आम्हाले कोणी सांगतलं नव्हतं. ढोल शेकाचा असते हे त्याइले कोणी सांगतलं नव्हतं. पण बादली त्याइच्या हातात होती.

स्पर्धेचे एक साहेब धावत आले. कोट, छातीवर बिल्ला. "ए जंगली! हॉल जाळता का?" आणि ओतली. आगीवर थोडं पडलं, बाकी सारं ढोलावर. आमचे गुरुजी बाजूलेच उभे होते. हसले. "सोडा सर, यांना अक्कल कुठून येणार," म्हणे. मी बी तिथंच उभी. तोंडात जीभ होती. बोलली नाई.

ढोल गेला म्हणून स्टेजवर पेनड्राइव्ह लावला. नाच बसवाले शहरातून एक मॅडम आणली होती. "पोरी आदिवासी दिसल्या पाहिजेत," ती म्हणे. कंबरेले हिरव्या कागदाची पानं, डोक्यात कोंबड्याचे पिसं, गालावर पांढरे ठिपके. मी गोंडाची पोरगी. मले आदिवासी दिसासाठी तासभर रंगवलं. माझ्या आजीनं असं कधी घातलं नाई, तिच्या आजीनं बी नाई. गाण्यात गोंडीचा एक शब्द नव्हता. नुसतं हू-हा, हू-हा. आम्ही उड्या मारल्या.

पहिला नंबर आला. बक्षीस त्याच साहेबाच्या हातून. त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "शाब्बास" म्हटलं. मी वाकून पाया पडली. आजही हे सांगताना अंगाची लाही होते. पाया पडली मी त्याच्या!

एसटीत ढोल मांडीवर घेऊन बसली, उन्हाच्या बाजूनं. सुकता सुकता कातडं कडेनं फाटलं. घरी बा धान चुरून राह्यला होता. हात थांबवून त्यानं ढोल पाह्यला, उलटा केला, पुन्हा पाह्यला. मी सारं सांगतलं. तो मले मारन असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं गोंडीत एवढंच विचारलं, "तू काऊन नाई बोलली?"

आमच्यात ढोल गडीमाणसं वाजवतात. बाले पोरगा नव्हता. गावातले म्हातारे कुरकुरले तरी त्यानं मले शिकवला होता. पोरीच्या हातात ढोल दिला म्हणून त्यानं लोकाइचं ऐकून घेतलं, आणि पोरगी मुकी निघाली. त्यानं त्या ढोलाले पुन्हा कातडं चढवलं नाई. छपराच्या आड्याले टांगून ठेवलं नुसतं लाकडी खोड. तो मेला तवाही ढोल तसाच टांगलेला होता. आश्रमशाळेत मात्र आमचं प्रमाणपत्र काचेत लावलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याले दाखवाले.

बा गेल्यावर मीच कातडं आणलं आरमोरीच्या बाजारातून आणि चढवलं. हाताले फोड आले. शिकली. संगीताच्या परीक्षा दिल्या, पेटीवर बोटं बसवली. आता जिल्हा परिषदेच्या तीन शाळांत मी संगीत शिकवते. मानधनावर. दरवर्षी जूनमध्ये आदेश आला तर मी मॅडम, नाई आला तर कोणीच नाई.

सरकारच्या योजनेतून तिन्ही शाळांत पेटी आली, तबला आला. तिन्हीकडं कपाटात. वरचं प्लास्टिकही काढलं नाई. चावी मुख्याध्यापकापाशी. "पोट्टे खराब करतील, मॅडम," म्हणते. मग कोणासाठी आली बावा ती पेटी? उंदरासाठी? साहेब आले की कपाट उघडतात, दाखवतात, पुन्हा कुलूप. माझी लेकरं बेंचवर ताल धरतात. आठवड्याचा एक तास, शुक्रवारचा. तोही कधी गणिताले जाते, कधी मैदानातले गोटे वेचाले. त्या एका तासासाठी मी दर आठवड्याले तोंड वाजवते, तवा कुठी तो मिळते.

त्यातल्या एका शाळेत रोशनी सहावीत आहे. मोहफुलाच्या दिवसात ती शाळेत दिसत नाई, मायसंग जंगलात असते. पण शुक्रवारी येते. जिथून असन तिथून येते. बापाचा ढोल मी शाळेत नेते, तो तिच्या गळ्यात टाकला की ती माझ्याकडंही पाहत नाई. असा हात मी दुसरा पाह्यला नाई. तिचा तास जाऊ नये एवढीच माझी धडपड.

यंदाच्या थंडीत निरोप आला, मोठे साहेब येऊन राह्यले. केंद्रप्रमुख पिशवी घेऊन आले. "मॅडम, दहा पोरी काढा. स्वागताचं नृत्य. गाणं माझ्याकडं आहे." पिशवीतून त्यानं काढलं. हिरव्या कागदाची पानं. कोंबड्याचे पिसं. आणि मी काय म्हटलं? "हो सर." जूनचा आदेश डोळ्यासमोर होता ना! पोट लय वाईट असते.

साहेब येणार त्या दिवशी सकाळी पोरींची रांग लावली. रंगाची वाटी घेतली. एकीच्या गालावर ठिपके, दुसरीच्या. रोशनी समोर आली. मी तिची हनुवटी धरली. तिनं गुपचूप चार ठिपके काढू दिले. मग म्हटलं, "मॅडम, आपण कोण बनून राह्यलो?"

टोमणा नव्हता तिचा. तिले खरंच समजलं नव्हतं. गोंडाची पोरगी गोंडाच्या बाईले विचारून राह्यली होती, आपण कोण बनून राह्यलो. आणि ब्रश कोणाच्या हातात? माझ्या. त्या साहेबाच्या नाई, शहरातल्या मॅडमच्या नाई. एवढी वर्षं मी त्याइले शिव्या घातल्या आणि आता त्याइचंच काम मी करून राह्यली होती. लाज वाटली. वाटी खाली ठेवली.

मी म्हटलं, "चला, तोंडं धुवा." हापशीवर दहाही पोरींची तोंडं धुतली. माझ्या हातानं घासली. कागदाची पानं पिशवीत कोंबली. मग शेजारच्या घरून तणीस मागून आणली आणि शाळेच्या पटांगणात, बरोबर मधात, पेटवली.

मुख्याध्यापक व्हरांड्यातून ओरडत आले. "मॅडम, गाडी वळली फाट्यावरून! काय आग लावून राह्यल्या?" आणि त्यानं हापशीवरची बादली उचलली. देवाशप्पथ, बादलीच उचलली. मी ढोलाच्या आडवी झाली.

"ओता," म्हटलं. "पहिले माझ्यावर ओता. पण ढोलावर थेंब पडला तर पाहा."

त्यानं बादली खाली ठेवली. गाडी आतच आली होती.

साहेबाइले खुर्चीत बसवलं. मी सांगतलं, "आज पोरी नाचणार नाई. वाजवणार. रेला, आमचं गोंडी गाणं, म्हणणार. ऐका." रोशनीनं ढोल घेतला. शेकलेला ढोल, असा बोलला की भिंतीवरची धूळ झडली. साहेबानं एक कडवं ऐकलं. मग मोबाइल पाह्यला, मग घड्याळ. दुसऱ्या कडव्याले उठले. "डान्स नाही का?" केंद्रप्रमुखाले विचारलं. टाळी कोणी वाजवली नाई. रोशनीनं मात्र गाणं पुरं केलं, रिकाम्या खुर्चीसमोर.

चौथ्या दिवशी मले कागद आला. शाळेच्या आवारात आग लावली, पाहुण्यांचा अवमान केला, खुलासा द्या. शुक्रवारचा तास गणिताले गेला. रोशनीचा काका येऊन मलेच बोलला, "तुमच्या ढोलापायी पोरीचं नाव साहेबाच्या तोंडी गेलं. दाखला अडवला तर?" दोन शुक्रवार झाले, रोशनी आली नाई. तास नाई तर कशाले येईन? तिचा जो एक तास मले वाचवाचा होता, तो माझ्यामुळंच गेला. हे मी नाकारत नाई.

पण वाटी पुन्हा उचलणार नाई. खुलासा मागितला तवा मी खुलासा लिवलाच नाई. मागणी लिवली. शुक्रवारचा तास परत द्या. तिन्ही शाळांच्या कपाटाच्या चाव्या द्या. पाहुण्यापुढं पोरी नाचवणं बंद करा. खाली सही केली, पोच घेतली. मानधनावरच्या साऱ्या कला-संगीत शिक्षकांच्या घरी जाऊन तोच कागद दाखवून राह्यली आहे. दोघांनी सही केली. बाकीचे म्हणतात, जून जाऊ द्या मॅडम.

जून जाऊ देणार नाई मी. आदेश नाई आला तरी रोशनीच्या शाळेच्या फाटकात येऊन उभी राहीन. चावी नाई मिळाली तर कपाटाचं कुलूप तोडीन. दिवसाढवळ्या, प्रार्थनेच्या वेळेले, साऱ्या लेकरांसमोर. मुख्याध्यापकाले अगोदर सांगून तोडीन. पेटी काढीन, प्लास्टिक फाडीन आणि रोशनीच्या घरी जाऊन तिले हाताले धरून आणीन. मग पाठवा किती कागद पाठवाचे ते.