दीड इंचाचा मऊपणा

माझ्या धाकट्या बहिणीचं भलं करायला मी आयुष्यात एकदाच गेलो. त्याला आता पस्तीसेक वर्षं झाली, तरी घरात कोणी कोणाचं भलं करायला निघालं की सगळे आधी माझ्याकडे बघतात.

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती. (भिलाई कुठे गेली नाही, प्रदेश बदलला.) बाबा तिथल्या पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये फोरमन होते, मूळचे वर्ध्याकडचे. मी प्लांटच्याच एका ऑफिसात कारकून. आणि कुंदा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, दुर्गच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. सेक्टर सहामधून दुर्गला ती रोज सायकलनं जायची-यायची, टाउनशिपच्या तलावात पोहायची, आणि एवढं करूनही जीव उरला की मैदानाला चकरा मारायची. आई म्हणायची, या पोट्टीच्या पायात मोटर बसवून पाठवली देवानं.

त्या वर्षी टाउनशिपच्या क्लबानं एक स्पर्धा जाहीर केली. एक किलोमीटर पोहायचं, तीस किलोमीटर सायकल चालवायची आणि लगेच पंधरा किलोमीटर धावायचं. ट्रायथलॉन हा शब्द आम्ही नोटीस बोर्डावर पहिल्यांदा वाचला. आईला तो शेवटपर्यंत जमला नाही. ती त्याला 'ट्रायल' म्हणायची, आणि तिन्ही गोष्टींचा हिशेब बघता तिचंच बरोबर होतं. मुलींमध्ये जी पहिली येईल तिला भोपाळच्या शिबिरात पाठवणार होते. शिबिरातून राज्याचा संघ, संघातून खेळाच्या कोट्यात नोकरी, असा तो रस्ता होता.

कुंदाला हा रस्ता फार हवा होता, कारण घरात तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं. नागपूरहून दर आठवड्याला एक तरी पत्रिका यायची. तिनं बाबांशी बोलून एक करार केला. ती भोपाळला गेली तर दोन वर्षं लग्नाचा विषय बंद. नाही गेली तर आलेलं पहिलं बरं स्थळ तिनं मुकाट्यानं बघायचं. बाबांनी मान डोलावली. बाबांची डोलावलेली मान म्हणजे रजिस्ट्रारचा शिक्का असायचा.

आता यात माझं काय काम? काहीच नव्हतं. कुंदानं मला फक्त इतकंच सांगितलं होतं की तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट झिजलेत, तर तसेच, त्याच मापाचे, नवे आणून दे. लहान मूलही हे काम करू शकलं असतं. पण मी वाचनालयात जाणारा माणूस होतो, आणि तिथे एका जुन्या विदेशी मासिकात मी लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या बुटांवरचा लेख बघितला होता. वाचला नव्हता, बघितला होता. त्यात एका गोऱ्या माणसाच्या पायात पावाच्या लादीएवढ्या जाड तळव्याचे बूट होते आणि खाली लिहिलं होतं की लांबच्या शर्यतीत सगळा खेळ गादीचा असतो. मी स्वतः सुपेल्याच्या बसमागे धावण्यापलीकडे कधी धावलो नव्हतो, पण गादीबद्दल माझं मत एकदम पक्कं झालं.

सुपेल्याच्या बाजारात मी दोन रविवार घालवले. प्रत्येक दुकानात शिरायचो, बूट हातात घ्यायचो आणि आंबा पिकलाय का बघावं तसा अंगठ्यानं तळवा दाबायचो. कुठलाच दबत नव्हता. एका दुकानदारानं शेवटी हात जोडून मला समजावलं की बाबूजी, ये जूता है, तकिया नहीं. तिथेच मला सुचलं की तयार मिळत नसेल तर बनवून घ्यावं. मी एका मापानं मोठे बूट विकत घेतले, घरी आलो आणि बैठकीतल्या सोफ्याच्या एका गादीतून दीड इंच जाडीचा स्पंज कापून काढला. गादीत वर्तमानपत्रं कोंबली आणि चेन लावून टाकली. त्यानंतर बाबा त्या जागेवर बसले की कुरकुर आवाज यायचा. त्यांना वाटायचं आपली कंबर वाजते. आठ दिवस ते आयोडेक्स लावत होते, आणि मी बघत होतो.

सुपेला चौकात एक म्हातारा मोची बसायचा. त्याला मी स्पंज तळव्याच्या आत आणि थोडा बाहेरूनही चिकटवायला सांगितला. त्यानं तो हातात घेऊन चुरगळला आणि छत्तीसगढीत म्हणाला, "बाबू, ए ह पानी पीही." म्हणजे हा पाणी पिईल. मी त्याला सांगितलं की बहीण यात पोहणार नाही, धावणार आहे. त्यानं खांदे उडवले आणि सोल्यूशनची डबी उघडली.

कुंदानं बूट घालून मैदानाला दोन चकरा मारल्या आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

"दादा, मले पाय जमिनीवर टेकल्यावानी वाटूनच नाई राहिलं."

मी ही स्तुती समजलो. विदेशी मासिकातला गोरा माणूसही असाच तरंगत असणार, असं तिला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी सरावाला जाताना तिच्या पायात पुन्हा जुने कॅनव्हासचेच होते. तिसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मी जे केलं ते आजही सांगायला जड जातं. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी ती पोहायला गेली असताना मी ते जुने बूट उचलले, कागदात गुंडाळले आणि माझ्या खोलीतल्या आलमारीवर, ट्रंकेच्या मागे टाकून दिले. संध्याकाळी तिनं विचारलं, तर मी बघितले नाहीत म्हणालो. तिनं पलंगाखाली शोधलं, व्हरांड्यात शोधलं, आईला विचारलं. मीही तिच्याबरोबर शोधत होतो. चांगला कंदील घेऊन अंगणातही गेलो होतो.

शर्यत मार्चमधल्या रविवारी होती. मुलींमध्ये अकरा जणी होत्या. कुंदा पोहून दुसरी बाहेर आली, अंग पुसलं, ते स्पंजाचे बूट चढवले आणि सायकलवर बसली. सायकलीत तर तिनं कमालच केली. साध्या लेडीज सायकलचं कॅरियर आणि बास्केट काढून ठेवली होती, आणि तीस किलोमीटरनंतर ती मैदानात परत आली तेव्हा मागे कोणी दिसतसुद्धा नव्हतं. बाबा, जे जन्मात कधी ओरडले नव्हते, ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. इथवर सगळं ठीक होतं. इथवर मी काही केलं नव्हतं.

दहा वाजून गेले होते आणि ऊन चटका देत होतं. प्रत्येक स्पर्धकाच्या घरच्या एका माणसाला पाणी घेऊन उभं राहायची परवानगी होती. मी एक पूर्ण बादली घेऊन उभा होतो. कुंदा सायकलवरून उतरली, मला हातानं नको नको करत होती, पण मला वाटलं दमलीय बिचारी. मी ती अख्खी बादली तिच्या डोक्यावर ओतली. पाणी केसांतून, पाठीवरून, पायांवरून खाली आलं आणि जमिनीवर पोचलंच नाही. सगळं बुटांत गेलं. दीड इंच स्पंजाच्या दोन लाद्या, वर्षभर तहानलेल्या असाव्यात तशा पाणी पीत होत्या.

ती धावायला लागली आणि आवाज सुरू झाला. पचक, पचक, पचक. दुतर्फा उभे असलेले लोक आधी तिच्याकडे आणि मग तिच्या पायांकडे बघायला लागले. मी मोपेडवर मागोमाग निघालो. प्रत्येक पावलाला बुटातून पाण्याची पिचकारी उडत होती, आणि पुढच्या पावलाला तेच पाणी पुन्हा आत ओढलं जात होतं. पायात दोन-दोन किलोचं ओझं बांधून पळवावं तसं ते दिसत होतं. मी बाजूला जाऊन, थोडं धावलीस की निथळून जाईल, असा धीर दिला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

जुनवानीच्या रस्त्याला लागल्यावर सोल्यूशननं दम सोडला. आधी डाव्या बुटाचा तळवा पुढून उघडला आणि प्रत्येक पावलाला टाळी वाजवायला लागला. मग उजव्यातला स्पंज टाचेकडून हळूहळू बाहेर सरकला आणि शेपटीसारखा लोंबायला लागला. एका लहानशा वस्तीजवळ दोन कुत्री त्या शेपटीमागे लागली. लोक हसत होते. मला कोणी ओळखू नये म्हणून मी मोपेड थोडी मागे घेतली. बहिणीला हसत होते आणि मी मोपेड मागे घेतली, हेही लिहून ठेवायला हवं.

सहा किलोमीटर उरले असताना कुंदा थांबली, बूट काढले, रस्त्याच्या कडेला नीट जोडीनं ठेवले आणि अनवाणी धावायला लागली. डांबर तापलेलं होतं. तरी चार किलोमीटर तिनं पहिला नंबर सोडला नाही. मग मागून बोरसीची एक मुलगी आली, सावकाश, एका लयीत. तिच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते, कुंदाचे होते तसेच. तिनं कुंदाला मागे टाकलं तेव्हा मला आलमारीवरचं ते कागदाचं पुडकं दिसायला लागलं, आणि मैदान येईपर्यंत तेच दिसत राहिलं.

कुंदा दुसरी आली. तिच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. बोरसीच्या मुलीला जवळ घेऊन तिनं अभिनंदन केलं आणि मग बाबांच्या शेजारी गवतावर बसली. बाबांनी तिचे पाय मांडीवर घेतले. मी जवळ गेलो नाही.

घरी दोन दिवस ती पाय वर करून पडून होती. आई तळव्यांना तूप लावायची आणि ते बूट बनवणाऱ्या मोच्याला शिव्या द्यायची. तिसऱ्या दिवशी मला ते ऐकवेना. मी आलमारीवरून पुडकं काढलं, कुंदाच्या पलंगाजवळ नेऊन ठेवलं आणि सगळं सांगितलं. सोफासुद्धा सांगितला. तिनं पुडकं उघडलंही नाही.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "शर्यतीच्या दिवशी सकाळी टॉवेल काहाडाले ट्रंक सरकवली, तवाच दिसले."

"मंग घातले कावून नाईस?"

"दोन रविवार तू माह्यासाठी सुपेल्यात फिरला, दादा. एवढं कोनी केलं नव्हतं माह्यासाठी. मले वाटलं, निभावून जाईल."

तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्या दिवशी मी ऑफिसला गेलो नाही.

करार तो करार. पावसाळ्याआधी कुंदाचं लग्न झालं. माणूस चांगला निघाला, रायपूरचा, रेल्वेतला, आणि कुंदा तिथे एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. तिच्या शिकवलेल्या मुली भोपाळपर्यंत गेल्या. प्रत्येक वेळी तिचं पत्र यायचं आणि मी ते दोनदा वाचायचो. आनंदाचीच पत्रं असायची ती. पण आपल्या हातानं ज्याच्यासाठी दार बंद केलं, तोच त्या दारातून दुसऱ्यांना आत पाठवतोय, हे वाचायला वेगळी छाती लागते. ती माझ्याकडे नव्हती.

बायको म्हणते, कुंदाताईंनी तुम्हाला केव्हाच माफ केलं. केलं असेल. चार वर्षांपूर्वी भाचीचं लग्न झालं. कुंदानं सगळ्या नातेवाइकांना कामं वाटून दिली. कोणाला फुलं, कोणाला पंगत, कोणाला वरपक्ष. माझ्या वाट्याला काहीच नव्हतं. मामानं नवरीला मांडवात आणायचं असतं, तेवढं एक काम रीत म्हणून माझ्याकडे आलं. मी भाचीचा हात धरून खोलीच्या बाहेर पडणार, तेवढ्यात कुंदा मागून आली आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "दादा, तिले फक्त हात धरून ने. तिच्या चपलेकडे पाहू नको."

मी नाही म्हणून मान हलवली. पण खरं सांगतो, मी आधीच बघितलं होतं. तळवा फार पातळ होता.